दाजींनी टाकलेलं जाकीट

(ठाणे, सन १८८८. दुपार. ओसरीवर कल्याणचा विश्राम शिंपी. दारात ठमाबाई आणि त्यांची सून गोदा.)

विश्राम : मला खरंच ठाऊक नव्हतं, माई. आगगाडीतून उतरलो तो थेट इथं आलो. दाजीसाहेब गेले हे तुमच्याच तोंडून ऐकतोय.

ठमाबाई : पटकी झाली. एका रात्रीत आटोपलं सगळं. उद्या दहावा. तू ते गाठोडं परत ने.

गोदा : काय आहे त्यात?

ठमाबाई : तुझ्या कामाचं नाही आता.

विश्राम : जाकीट आहे, सूनबाई. दाजीसाहेबांनी शिवायला टाकलं होतं. म्हणाले, मास्तरणीबाईंच्या वर्गात ही पदरच सावरत बसते, लिहायला हात मोकळा राहत नाही. गळाबंद हवं, पुऱ्या बाह्यांचं, पुढं गुंड्या. मुंबईला पारशिणी घालतात तसं.

गोदा : आणि माप?

विश्राम : तुमची जुनी चोळी आणली होती त्यांनी.

गोदा : हिरवी. घरभर शोधली मी. त्यांना विचारलं, तर नुसते हसले.

ठमाबाई : गोदे, आत जा.

गोदा : एकदा हात लावू द्या, सासूबाई. उद्या न्हावी येऊन गेला की अंगावर चोळीसुद्धा राहायची नाही.

ठमाबाई : माझे केस काढले तेव्हा दाजी रांगता होता. मी उचलायला गेले, तर मला ओळखेना. किंचाळत शेजारणीच्या पदराखाली शिरला.

गोदा : हे कधी बोलला नाहीत.

ठमाबाई : कोणाला सांगायचं होतं? विश्राम, तुझी बायको बरोबर आहे?

विश्राम : स्टेशनावर बसलीय. आत्ताच्या गाडीनं माघारी जायचंय.

ठमाबाई : गोदे, घाल ते जाकीट.

गोदा : आत्ता?

ठमाबाई : दाजीचे काका भटजींकडे गेलेत, तोवरच. तुझा भाऊ परवा न्यायला आला, तर त्यांनी त्याला ओसरीवरूनच घालवला. हे घालून, पदर पुढं ओढून गेलीस तर वाटेत कोणी विधवा म्हणायचं नाही. सुधारकाची बायको म्हणतील. विश्राम, हिला कल्याणला भावाच्या घरी पोचव.

विश्राम : पोचवतो. पण माई, तुम्हाला इथं लोक...

ठमाबाई : ते माझं मी बघीन.

गोदा : गुंड्या लागत नाहीत.

ठमाबाई : इकडे ये. सरळ उभी राहा. किती सैल होतंय गं तुला.

विश्राम : माप बरोबर होतं, माई.

ठमाबाई : माहीत आहे. जेवलीय कुठं ती.

गोदा : तुम्हीही चला, सासूबाई.

ठमाबाई : उद्या त्याचा दहावा. त्याची आई घरात नको?

गोदा : मग मी पुन्हा कधी येऊ?

ठमाबाई : या घरात नको. नीघ आता. आणि वळून बघू नकोस. बघितलंस तर मी हाक मारीन.