नाल्यावरचं करंज

प्रेमदास : सागवान पडलं ना काकू सारं. आता हे नाल्यावरचं करंज तेवढं राह्यलं. भूपेंद्रभाऊनं यालेही खूण केली, म्हणून करवत इकडं आणली.

सुलोचनाबाई : करवत खाली ठेव, प्रेमदास. भूपेंद्र, सागवानाचं बोलणं झालतं आपलं. तुह्या बाबानं ते कापासाठीच लावलतं, अन् त्याच्या जागी नवे रोपंही आणले आपण. करंजाचं कोण बोललं?

भूपेंद्र : सावली पडते, माय. खाली वांगे होत नाई.

सुलोचनाबाई : शेजारच्या वावरात रामाजीनं नाल्यावरचे झाडं तोडले, त्याचा धुरा, अख्खा बांधच वाहून गेला. पाह्यलं ना तू?

भूपेंद्र : दगडं रचतो मी तिथं.

सुलोचनाबाई : वांग्याले दुसरं वावर नाई का? खरं सांग, काऊन मागं लागला या झाडाच्या?

प्रेमदास : भाऊ, मी पाणी पिऊन येतो. तुमचं ठरू द्या.

(प्रेमदास विहिरीकडे जातो.)

सुलोचनाबाई : बोल आता.

भूपेंद्र : मले बाबा दिसते इथं. या झाडाच्या मुळायत. पूर उतरल्यावर सापडले तसेच. एक हात वर, तोंडात गाळ. भर दुपारी दिसते, माय. या झाडामागची मोटर चालू कराले मी तुह्या सुनेले पाठवतो. कंबर दुखते म्हणतो.

सुलोचनाबाई : मले कधी बोलला नाई.

भूपेंद्र : झाड गेलं का तेही जातीन, असं वाटलं.

सुलोचनाबाई : त्याच पुरात आपल्या गावातल्या छायाचा नवरा गेलता. त्याचं काहीच सापडलं नाई. कुत्रं भुंकलं का ती अजून दार उघडून पाह्यते. तुह्या बाबाले या मुळायनं धरून ठेवलं, म्हणून ते घरी आले. त्यायच्या तोंडावरचा गाळ मी ह्या हातानं धुतला, पोरा.

भूपेंद्र : तेच तोंड दिसते मले.

सुलोचनाबाई : मलेही दिसते.

भूपेंद्र : तुलेही? मंग रोज कशी येतं तू इथं?

सुलोचनाबाई : भेव लागते. तरी येते. गवार निघाली, गाय व्याली, सारं सांगते त्यायले. मंग घरी जाते.

(प्रेमदास परत येतो.)

प्रेमदास : काय ठरलं, भाऊ? करवत लावू?

भूपेंद्र : नाई. सागवान भरा, अन् निघा तुमी.

सुलोचनाबाई : चाल मंग. जेवाची वेळ झाली.

भूपेंद्र : वांग्याले पाणी सोडाचं आहे अजून. मीच जातो मोटरीपाशी. माय, तू जाऊ नको. मले दिसशीन अशी उभी राह्य.