बाहेरचा बाक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, निवड समितीतून आज निवृत्त होणारे आपले सर, त्यांच्या घरची मंडळी आणि सभागृहातल्या सगळ्या बंधुभगिनींनो,

"मावशी, सरांबद्दल दोन गोड शब्द बोला," असं संयोजकांनी मला सांगितलंय. गोड बोलायची सवय नाही, पण प्रयत्न करते.

डॉक्टरकी शिकून पुढं खेड्यात जायचं, अशा अटीच्या जागांसाठी सरांनी वर्षानुवर्षं मुलं निवडली. गावांची प्रतिनिधी म्हणून मी त्यांच्या टेबलाच्या टोकाला बसायची. मला मत नव्हतं, चहा होता. चहा चांगला असायचा, खोटं कशाला बोलू?

"खेड्यात का जायचंय?" हा सरांचा आवडता प्रश्न. एका मुलानं त्यावर असं काही उत्तर दिलं की सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्याच्यामागून आमच्या गावच्या नर्सबाईंची मुलगी आली. ती म्हणाली, "घर तिथंच आहे. दुसरीकडं कुठं जाऊ?"

ती बाहेर गेल्यावर सर म्हणाले, "हिच्यात तळमळ दिसत नाही."

मी म्हटलं, "नसू दे तळमळ, सर. ही राहील तरी."

सर हसले. "मावशी, बिस्किट घ्या."

जागा त्या मुलाला मिळाली. शिकून झाल्यावर नेमणूकही आमच्याच गावात झाली. दवाखान्याच्या दारावर त्याच्या नावाची झकास पाटी लागली. पाटी राहिली, डॉक्टर अटीचे पैसे भरून शहरात परत गेला.

एका दुपारी आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. मी त्यांना दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. दाराला कुलूप. हे विचारत होते, "आले का गं डॉक्टर?" मी म्हणत होते, "येतीलच." नर्सबाईंची ती मुलगी आता औषधाच्या दुकानात काम करते. ती पळत आली आणि ह्यांची छाती दाबत राहिली. तिला येत होतं तेवढं तिनं केलं. बाकीचं तिला शिकू दिलं नाही ते कोणी, हे मी आज विचारणार नाही. समारंभ आहे.

ह्यांच्या दहाव्याला सर भेटायला आले होते. म्हणाले, "मुलगा हुशार होता हो. असं करेल, वाटलं नव्हतं."

मला वाटलं होतं.

मग मी वाचायला बसले. शाळा चौथीपर्यंतची, पण शब्दकोश शेजारी ठेवून समितीचे सगळे नियम वाचून काढले. गावाला मत द्या, असं मांडलं. निवडलेल्याला पैसे भरून सुटता येऊ नये, आणि कोणी कुठं जायचं ते गावांच्या प्रतिनिधीनं ठरवावं, असंही मांडलं. माझी कटकट थांबावी म्हणून का होईना, सरांनीच त्यावर सही केली. त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

यंदा सरांची नात मुलाखतीला आली. घरचा उमेदवार म्हणून नियमाप्रमाणे सर बाहेर जाऊन बसले. बाकावर. दाराच्या काचेतून मला दिसत होते, सारखे रुमालानं कपाळ पुसत होते. मी सावकाश एकेक प्रश्न विचारत गेले. घाई कसली?

समितीतल्या सगळ्यांना वाटलं, बाई आता पोरीला पाडते. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. गावही ठरवून टाकलं. आमचंच.

पोरी, तिसऱ्या रांगेत बसली आहेस ना? तुझ्यावर माझा राग नाही. उत्तर आजोबांनी पाठ करून घेतलं होतं, ते ऐकतानाच कळलं. तिथं राहून स्वतःचं शोध. काही अडलं तर औषधाच्या दुकानात विचार.

आणि सर, आता तुम्हाला वेळच वेळ आहे. नात शिकून आमच्याकडं आली की तिला भेटायला या. आल्याआल्या आत मात्र जाऊ नका, ती कोणाला तरी तपासत असेल. बाहेर बाक आहे. मी तो रोज पुसते. तिथं बसा, बोलावीपर्यंत.

मला बोलू दिलंत, सगळ्यांचे आभार. काही जास्त बोलले असेन, तर मोठ्या मनानं माफ करा. कमी किती बोलले, ते सरांना माहीत आहे.