बारा धड्यांचा पुरावा

…आणि बँक मलाच विचारते, पुरावा काय? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं अलेक्झांड्रियात ऊद शिकवतोय मी, म्हणजे वाजवायचा ऊद, जाळायचा नव्हे, पण असा प्रश्न कुणी केला नव्हता. मादाम इन्शिराह स्वतः आल्या, "नवरा बंदरातून निवृत्त झालाय, दिवसभर माझ्या स्वयंपाकात नाक खुपसतो, घ्या त्याला हाताखाली," म्हणाल्या, आणि बारा धड्यांचे सहा हजार पौंड कार्डावर भरले. तो आला हो, कप्तान हिल्मी. दर आठवड्याला आला, वेळेच्या आधी आला, माझा पुदिन्याचा चहा प्यायला, बोटांना फोड येईस्तोवर तारा छेडल्या. शिकवलं हो मी त्याला!

आणि तेराव्या आठवड्यात बँकेचा निरोप… ग्राहकाची तक्रार आहे, शिकवणी मिळाली नाही, सबब रक्कम परत घेतली आहे. घेऊन मग कळवतात! खोलीचं भाडं द्यायचं होतं त्यातनं. फोन केला, तर पलीकडची पोरगी एका सुरात, "शिकवल्याचा पुरावा दहा दिवसांत पाठवा, सर." अगं बाई, शिकवणं काय पार्सल आहे, सही घेऊन पोचवायला? "पुरावा पाठवा, सर."

मादामना फोन लावला. "उस्ताद, तुम्ही शिकवलंत, तर तीन महिन्यांत आमच्या घरात एक सूर का नाही ऐकू आला?" घ्या. मग कप्तानाला गाठलं, म्हटलं, बँकेला दोन ओळी लिहून द्या. तो खाली बघत म्हणतो, "उस्ताद, बँकेचं ठीक आहे, पण मला जेवायला इन्शिराह वाढते." अहो, मग घरी वाजवत का नाही? "लाज वाटते. फार वाईट वाजवतो मी." आता वाईट वाजवतो हे मला का माहीत नाही? पण शिकवलं हो मी त्याला!

शेवटी मीच ऊद खांद्याला लावून चार जिने चढलो, त्यांच्या घरी कप्तानाच्या मांडीवर ठेवला, म्हटलं, वाजवा. घाम फुटला त्याला. तीस वर्षं ज्या हातांनी जहाजं धक्क्याला लावली त्या हातांना तार सापडेना. वाजवलं… दोनदा अडखळला, एक तार तर सोडूनच दिली, पण गाणं ओळखू येत होतं. मादाम मुलुखियाच्या रश्शाचा डाव हातात धरून दारात उभ्या. मग हळूच म्हणाल्या, "हे आपल्या लग्नात वाजवलेलं." आणि तिथल्या तिथे बँकेला फोन करून तक्रार मागे घेतली. तुम्ही म्हणाल, जिंकलास की लेका! मीही तेच समजलो. चौकशीचा आकार कापून घेतला बँकेनं, पण बाकीचे पैसे आले.

फक्त एक झालं… कप्तानाची लाज गेली. आता तो स्वतःचा ऊद घेऊन घरी सकाळी सातपासून वाजवतो, तेच गाणं, तिथंच अडखळतो. परवा मादाम आल्या, डोळे सुजलेले, सहा हजार रोख माझ्यापुढं ठेवले. म्हटलं, पुढचे बारा धडे का? "धडे नकोत, उस्ताद," म्हणाल्या, "त्याला रोज दुपारपर्यंत तुमच्याकडे ठेवून घ्या." ठेवून घेतलाय. पैसे मीच मोजून घेतलेत, आता तक्रार तरी कुणाकडे करू?