दिवसाची गाडी

नोव्हेंबर की डिसेंबर, हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, गनीभाई — सहासष्ट साल नक्की, हिवाळा नक्की, आणि उभे होतो ते इथंच, तुमच्या या तिकिटाच्या खिडकीपासून चार पावलांवर — माझ्या आठवणीवर आता मीच विश्वास ठेवत नाही, परवा घराची किल्ली हातात धरून किल्ली शोधत होतो — पण तुम्ही विचारलंत, बाईसाहेब गाडीत शेवटच्या कधी बसल्या, तर बसल्याच नाहीत. मी बसलो. पुण्याला भूगोल परिषद होती, मला निबंध वाचायचा होता, आणि ही, मनकर्णा, मला पोचवायला आली होती. दिवेलागणीची वेळ. फलाटावरचे दिवे लागले तशी ती दिव्यांबद्दल काहीतरी म्हणाली — ते असू द्या. त्याचं काही नाही.

फॉर्म द्या इकडे. नाही, कालचा फाडा. तुम्ही काल चिडलात ते बरोबरच होतं, चौथ्यांदा मार्ग बदलतोय मी. आधी सिमला ठरवलं — कालक्यापासूनची ती छोटी गाडी — मग लक्षात आलं, शंभरावर बोगदे आहेत, अंधारातून अंधारात कशाला न्यायचं तिला? मग रामेश्वर, समुद्रावरचा पूल. तर ती म्हणते, चकाकतं पाणी बघितलं की डोळ्यांत सुया टोचतात. मग दार्जिलिंग — आणि ऐन वेळी शिखरावर ढग आले तर? ढगांचं काय सांगावं? तीसेक वर्षं मी मुलांना ढग शिकवले, मला विचारा. मग तुम्हीच ती नवी राजधानी एक्सप्रेस सुचवलीत. गार हवा, मऊ खुर्च्या, जेवण जागेवर, सगळं मान्य — पण मुंबई सोडते संध्याकाळी, नर्मदा ओलांडते अंधारात, आणि काचा कायमच्या बंद. तुम्ही म्हणालात, ‘सर, तुम्ही जाणार की तुमचा नकाशा जाणार?’ रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन सांगितलं तर मनकर्णाही हसली, गनीभाई. फार दिवसांनी हसली.

— घ्या, तुम्ही घ्या पुढं होऊन. मनमाड ना? यांना आधी द्या, यांची गाडी जाईल, माझी कुठं ठरलीय. — बघा, डोक्यावर बिऱ्हाड घेऊन हा माणूस काम शोधायला निघालाय, तिकडं जामखेडच्या रस्त्यावर बायका उन्हात खडी फोडतायत, आणि मी या दुष्काळात वातानुकूलित डबा मागतोय. लाज वाटते. पण मग काय देऊ तिला? सांगा ना. छत्तीस साली मी एकटा बोटीनं विलायतेला गेलो, दोन वर्षं आल्प्स काय, डोंगरदऱ्या काय, सगळं बघून आलो, आणि परत आल्यावर तिला म्हणालो, तुला अख्खा हिंदुस्थान दाखवीन, पहिल्या वर्गातून, खिडकीशी बसवून. मग कॉलेज, मग परीक्षा, मग पुस्तक — मग आता हे.

डॉक्टर तिच्या नजरेला सहा महिने म्हणाले होते. मार्गशीर्षात म्हणाले. आता चैत्र संपत आला. त्यातले चार महिने मी वेळापत्रक वाचण्यात घालवले.

नाही हो, मोतीबिंदू नाही. हेच तर. मोतीबिंदू असता तर काय हवं होतं! मीही तेच समजत होतो. तिला कडेचं दिसेना, चालताना दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला, तेव्हा मीच म्हणालो, मोतीबिंदू दिसतोय, पिकू दे, पिकला की काढू. सगळे तसंच करतात ना? तुमच्या अम्मींचंही तसंच केलंत ना? पिकेपर्यंत थांबायचं. आम्ही तीन वर्षं थांबलो. मी, लंडनची पदवी भिंतीवर लावलेला माणूस, आंब्यासारखी वाट बघत बसलो. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, हा काचबिंदू आहे, हा पिकत नसतो, हा खातो. गेलेलं परत येत नाही. आता तिला मधलं तेवढं दिसतं, पोकळ वेळूतून बघावं तसं. तेवढं तरी दिसतं — असं मी म्हणतो. आमची छबूबाई भांडी घासता घासता म्हणाली, ‘काका, रागावू नगा, पर काकू आता आवाजानं चालत्यात, डोळ्यानं न्हाई.’ मी रागावलो. तिला म्हणालो, तुझं काम कर. आणि आत जाऊन बघितलं तर ही बोट बुडवून कप किती भरला ते बघत होती. चहा उकळता होता, गनीभाई.

काल मी तिला सरळच विचारलं, तुला कुठं जायचंय? इतक्या दिवसांत विचारलंच नव्हतं — नकाशा माझा, पेन्सिल माझी. म्हणाली, ‘बेलापूरच्या अलीकडं प्रवरा लागते ना पुलाखाली? तिथवर जाऊ. तीच पुढं आमच्या नेवाशाला जाते.’ मी म्हणालो, अगं, यंदा नदीत थेंब नाही, नुसती वाळू आहे. तर म्हणाली, ‘मग वाळू बघू. वाळू चकाकत नाही. पण गाडी दिवसाची घ्या. कुठलीही घ्या, पण दिवसाची.’ अख्खा हिंदुस्थान सोडून वाळू मागितली तिनं. रात्रभर मला वाटत राहिलं, हे मला सोडवण्यासाठी म्हणाली. की खरंच? तुम्हाला काय वाटतं? — नका सांगू.

लिहा. दोन माणसं, बेलापूर, उद्या सकाळची पॅसेंजर. हो, हो, याला फॉर्म लागत नाही, ठाऊक आहे मला, सवय झाली. पहिला वर्ग नको, ज्या डब्याची खिडकी उघडते तो द्या. खिडकी वर जाते ना नीट? अडकली तर? नाही, नाही, आता बदलत नाही. थांबा, पैसे काढतो — काही नाही, ते पाकीट आहे, पडलं, द्या. पुण्याच्या वेधशाळेचं पत्र आहे. आजच आलं.

सांगू? त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, ‘अहो, दिव्यांना कडी पडलीयत बघा, सात रंगांची.’ इथंच. आणि मी गाडी येईपर्यंत तिला समजावलं, हवेत बाष्प असलं, धुकं असलं, की प्रकाशाभोवती अशी कडी दिसतात, हे शास्त्र आहे. ती मान डोलवत राहिली. डॉक्टरांना मी विचारलं होतं, आम्ही नेमकं कधी यायला हवं होतं? ते म्हणाले, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली तेव्हा. तेव्हापासून एकच आशा धरून होतो — त्या दिवशी खरोखरच धुकं असेल. परिषदेच्या जुन्या पत्रिकेवरून तारीख काढली, नगरच्या हवेची नोंद मागवली. मघाशी सांगायचं टाळलं, डिसेंबरच होता. चौदा डिसेंबर. संध्याकाळ. हवा कोरडी, आकाश निरभ्र. धुकं नव्हतं, गनीभाई.