लांब म्हणजे किती?

सुमनवहिनी, मुख्याध्यापक साहेब, गावकरी मंडळी, मुलांनो,

एवढा चिखल तुडवत तुम्ही सगळे यशवंत सरांच्या शोकसभेला आलात. चारठाण्याहून सरांचे भाऊही आलेत. मी या शाळेत मराठी शिकवतो. बोलणं हेच माझं काम. पण आज बोलता येत नाही. रडूही येत नाही. गुरुवारपासून नुसता सुन्न आहे.

यशवंत सर विज्ञान शिकवायचे. चंद्रावर माणूस उतरल्यापासून संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर त्यांच्याभोवती माणसं जमायची. ज्ञानोबामामा, एकदा तुम्हीच विचारलं होतं, "सर, सगळ्यात जवळची चांदणी किती लांब हाय?"

सर म्हणाले, "सूर्य सोडला, तर सव्वाचार प्रकाशवर्षं."

"ते न्हाई कळत. आमाला कोसात सांगा."

सर हसले नाहीत. खडू घेतला आणि फरशीवरच हिशेब मांडला. दोन मैलांचा एक कोस. उजेड वर्षभरात जेवढा जातो, ते एक प्रकाशवर्ष. म्हणजे सुमारे तीन लाख कोटी कोस. त्याहून मोठं माप पारसेक. सव्वातीन प्रकाशवर्षांचा एक. म्हणजे दहा लाख कोटी कोसांपेक्षा थोडं कमी. आणि ती चांदणी पारसेकच्याही पलीकडं, साडेबारा लाख कोटी कोसांवर.

मामा, तुम्ही म्हणालात, "लय झालं, सर. भाकरी पुरायची न्हाई."

सगळे हसले. तेव्हा मात्र सरही हसले.

मी त्यांना म्हणालो होतो, "सर, या पोरांना परभणीच्या पुढं कोण पाठवतंय? त्यांना पारसेक कशाला?"

ते म्हणाले, "गुरुजी, माप कोणतंही घ्या, अंतर तेवढंच राहतं. पोरांना ते मोजता आलं पाहिजे. उद्या कुणी 'तुला ते लय लांब आहे' म्हणून भिववलं, तर पोरगं विचारेल, लांब म्हणजे किती?"

गुरुवारी सकाळी शाळेतच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. ओढ्याला पूर. एस.टी. बंद. दवाखाना सेलूला. मामांनी बैलगाडी जुंपली आणि वरच्या अंगानं वळसा घालून आम्ही निघालो. सरांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वहिनी त्यांचे पाय चोळत होत्या.

सरांनी विचारलं, "किती राहिलं?"

मी म्हणालो, "दोन कोस."

मामा पुढून म्हणाले, "चारच मैल, सर. आलंच आता."

सर म्हणाले, "मामा, तेवढंच झालं की."

ते हसले, असं मला वाटलं. वहिनींनाही वाटलं. त्यानंतर ते बोलले नाहीत. मामांनी बैल पळवले. पळवले हो, किती पळवले. डॉक्टरांनी हात धरून पाहिला आणि खाली ठेवला.

काल सरांच्या तासाला मी नववीच्या वर्गात गेलो. मुलं उठून उभी राहिली. त्यांना 'बसा' म्हणायचं मी विसरलो. तीही बसली नाहीत. घंटा होईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

आता तुम्हीही उठा. थोडा वेळ तसेच उभे राहू या.

सर, जय भीम.