बाहेरचं सोसायटीचं, आतलं ज्याचं त्याचं

भिंतीला काय विचारताय साहेब, मला विचारा — अकरा वर्षं या सोसायटीची सेक्रेटरी होते मी. बुटांचं राहू द्या हो, या तसेच. तुम्हाला अध्यक्षांनी पाठवलं ना? वाटलंच मला. आम्ही त्यांना ‘बघूया’ म्हणतो. टाकी गळतेय — बघूया. जिन्याचा कठडा हलतोय — बघूया. आता खालच्या मास्तरांच्या पलंगावर ताटाएवढा पोपडा पडला, तेव्हा कुठे यांची झोप उडाली. तरी स्वतः फिरकले का? नाही. इंजिनिअर धाडला! आणि रविवारी सभेत तुमचा रिपोर्ट वाचून दाखवणार, चष्मा पुसत पुसत.

त्यात काय लिहायचं ते मी सांगते. ओल बाहेरच्या भिंतीतून आलीय, आणि बाहेरची भिंत सोसायटीची. संपला विषय. चार वर्षांपूर्वी रंगकाम काढलं यांनी — कुठल्या बाजूला? पुढच्या! येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते ती. मागच्या भिंतीला बोटभर भेगा पडल्यात, पण मागे कोण जातंय बघायला? नुसती पावडर लावलेली इमारत आहे ही. सभासद तर विचारूच नका. स्वतःच्या घरात खिळा ठोकायचा तर दहा वेळा भिंत चाचपतील, आणि बाहेरचं काही निघालं की सगळ्यांचे हात वर.

म्हणून तर मी नियम केला. हो, मीच — माझ्या हस्ताक्षरात आहे अजून रजिस्टरमध्ये. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला जे जे असेल ते सोसायटीने बघायचं, आतल्या अंगाला असेल ते ज्याचं त्याने. काय चुकीचं आहे यात? मास्तर तेव्हाही आले होते अर्ज घेऊन, आतलं प्लास्टर फुगलंय म्हणून. मी म्हटलं, मास्तर, ओल कुठूनही येऊ दे, प्लास्टर कुठल्या अंगाला आहे? आतल्या ना? मग तुमचं. गप्प बसले. आयुष्यभर मुलांना गप्प बसवलेला माणूस, माझ्यापुढे गप्प! तीन अर्ज परत पाठवले मी त्यांचे. तिसरा तर उघडलासुद्धा नाही.

त्यांची बायको खोकते म्हणे ओलीमुळे. म्हणे! ती पहिल्यापासून खोकते. मला ठाऊक आहे ना, रोज चारला चहाला यायची माझ्याकडे, वीस वर्षं. आता नाही येत. आता ती स्वयंपाकघरात अंथरूण टाकते, ओट्याखाली, कारण तेवढीच एक भिंत कोरडी आहे — नाही, मी गेले नव्हते बघायला. मी कशाला जाऊ? कामवाली सांगते.

काय? पाइप? कुठला पाइप? हां, गच्चीचं पाणी उतरवणारा. तो आहे की, मागच्या बाजूला. — तिसऱ्या मजल्यापर्यंत दिसतो, आणि मग पहिल्या मजल्यावर दिसतो. बरोबर. मध्ये दिसत नाही. फार बारीक नजर बुवा तुमची. अहो, मध्ये माझी बाल्कनी होती, तिच्या कोपऱ्यातून जायचा तो. मी बाल्कनी बंद करून खोली केली, सगळेच करतात, तर पाइप आला आत. त्यात काय आकाश कोसळलं? सोसायटीचा प्लंबर दरवर्षी दोरीवरून उतरायचा, माझ्या मजल्याला पाइप दिसला नाही की पुढे सरकायचा. त्याला तरी काय बोलणार, तो बाहेरच्या अंगाचा माणूस.

थांबा, कुठे निघालात? ती मुलाची खोली आहे. परदेशी असतो तो. सून म्हणाली होती, वेगळी खोली नाही तर राहायचं कसं? तर केली मी खोली, सहा महिन्यांत — खिडकी, पडदे, भिंतभर कपाट, पलंगसुद्धा त्याच्या उंचीचा बनवून घेतला. आले ना. का नाही येणार? आले होते चार दिवस.

ठोकू नका तिथे! ते प्लायवुड आहे, पोकळच वाजणार. — नका हो उघडू. हे बघा, उघडायची गरजच नाही. पाइपचा जोड सुटलाय आत. गच्चीवर पाणी साठलं की झिरपतं, ते तळाशी जातं आणि तिथून खाली मास्तरांकडे. मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मीच उघडून बघितलं, फडकं गुंडाळलं, वरून दोरी आवळली, पुन्हा खिळे मारले. कुणाला सांगणार होते मी? सोसायटीला? सोसायटी म्हणाली असती, बाई, पाइप कुठल्या अंगाला आहे? माझ्याच अक्षरात वाचून दाखवलं असतं मला, आणि त्या ‘बघूया’ने पहिल्यांदा आयुष्यात ‘बघितलं’ म्हटलं असतं.

काय लिहिताय? मोठ्याने वाचा. — खोली पाडून पाइप मोकळा करावा. एवढंच? एका ओळीत? आणि मुलाला काय सांगू मी, तुझी खोली पाडली म्हणून?

नाही, तसं नाही. झोपला नाही तो इथे. ओलीचा वास येतो म्हणाला. चारही रात्री दोघं बाहेर सोफ्यावरच होते, मग सासुरवाडीला गेले. फोन केला तर विचारेल — कुठली खोली?

झालं ना तुमचं? या मग. खाली मास्तरांकडे जाणार असाल तर त्यांच्या बायकोला सांगा... नाही. काही सांगू नका. जा तुम्ही.