कालव्याकाठचे गोड आजोबा

नाही नाही, बूट काढू नका ताई, हात जोडतो — तसेच राहू द्या पायात. फोड आलाय हे मान्य, दुखतोय हेही मान्य, पण मागे तुमच्या सगळ्या मंडळींच्या बॅगा भरल्यात, खिडकी ही एकच उघडते, आणि मला अजून मुक्कामापर्यंत श्वास घ्यायचाय. काल एक गृहस्थ असेच बसले होते तुमच्या जागेवर. गुडघा धरला म्हणाले. बसले, बूट काढले, मोजे काढले आणि इथे समोर काचेपाशी वाळत घातले — माझ्या नाकासमोर, ताई! वर म्हणतात कसे, काय मस्त हवा आहे हो तुमच्याकडे. हवा! बटाट्याच्या शेतांत शेणखत टाकलंय सगळ्यांनी, त्याचा वास तो. हे आपले छाती भरभरून घेतायत. म्हटलं घ्या, फुकट आहे. — हो हो, सांगत नाही कुणाला. गाडीत चढताना सगळ्यांचं पहिलं वाक्य हेच, ड्रायव्हरदादा, आमच्या लोकांना कळू देऊ नका हं. मी कशाला सांगू? मुक्कामाच्या अलीकडे एक वळण आहे, झाडीत, तिथे उतरवतो. थोडं लंगडत जा, बाकीचे टाळ्या वाजवतील. रोज वाजवतात.

वाचलंत ना ते पायवाटवाल्या कंपनीचं पत्रक? सोपी पायवाट — शेतं, लहानसहान टेकड्या, कालव्याचा सपाट काठ, कुणालाही जमेल अशी. आता कुणालाही जमतं तर त्यात मिरवायचं काय, सांगा मला. आम्ही शाळेत जायचो त्या वाटेने, दप्तर घेऊन, आम्हाला कुणी नाही टाळ्या वाजवल्या. आणि तुम्ही लोक — तुम्ही म्हणजे तुम्ही एकट्या नव्हे, सगळे मिळून — हातात दोन-दोन काठ्या! पाण्याइतका सपाट रस्ता तो, त्यावर टक टक टक टक, बदकंसुद्धा वैतागून पलीकडे जातात. पाठीवर एवढीशी पिशवी, तीत बाटली आणि केळं, आणि बाकीचा संसार माझ्या गाडीत. ती हिरवी बॅग उचलून बघा एकदा. उशी आहे तीत. घरची उशी, त्या बाईंना दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही. आणखी एकाने इस्त्री आणलीय — इस्त्री, ताई, गुराढोरांतून चालायला! आणि केळी खाऊन सालं कुठे, तर कुंपणात. नैसर्गिक आहे म्हणे, कुजेल. येतो मी तुमच्या दिवाणखान्यात आणि टाकतो एक, कुजू द्या की. आणि कुंपणामागे ते ओले कागद, पुसून टाकलेले, पांढरे पांढरे, जिथे वाकावं तिथे... शी. सांगवत नाही. एका गाईच्या तोंडात सापडला होता एक, मी हाताने ओढून काढला. जेवताना आठवलं की अजून ताट सरकवतो.

कोण म्हणालात? — फाटकापाशी? खुर्ची टाकून बसलेले? हां. हां, ते. गोड आजोबा. बरोबर, सगळ्यांना गोडच वाटतात — हसू नका ताई, मला त्या शब्दाची किळस येते. तो म्हातारा आणि गोड! शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा. वासराला नाव ठेवू द्यायचा नाही घरात, नाव ठेवलं की जीव लागतो म्हणून. आणि आता तुमच्यासाठी फाटक काय उघडतो, पाणी काय देतो, फोडाला काय लावायचं ते सांगतो — सांगितलं ना तुम्हालाही? मग तुम्ही खिशातून चॉकलेटं काढता, घोड्याला द्यावीत तशी त्याच्या तळहातावर ठेवता, आणि तो घेतो! फोटोसाठी टोपी सरळ करतो! दिसतं मला सगळं कालव्याच्या पुलावरून, तिथे गाडी हळू करावी लागते ना, पूल अरुंद आहे. — म्हणजे, अगदी तसा अरुंद नाही. पण मी करतो हळू. — कोण म्हणजे? बाप आहे तो माझा.

आता ओशाळलात. नका हो, तुमची काय चूक. ते थोडंच सांगणार तुम्हाला, की याच वाटेवर, आमच्या शेतापाशी, त्यांनी काटेरी तार ओढली होती, स्वतःच्या हाताने. चालणारे लोक म्हणजे टोळधाड, म्हणायचे, आज बांधावरून जातील, उद्या अंगणातून. मी म्हणायचो, बाबा, कडेकडेने तर जाणारेत, आपलं काय बिघडतंय? रोज तेच भांडण, ताटावर बसलं की तेच. शेवटी एका सकाळी मी पक्कड घेतली आणि तोडली तार. त्यांच्या देखत. पायवाटवाल्या कंपनीची माणसं उभी होती, चालायला आलेले उभे होते, त्यांनी काय केलं असेल — टाळ्या! कंपनीने मला ही बॅगांची गाडी दिली चालवायला. बाबा पाठ फिरवून आत गेले, आणि ते जे आत गेले ते माझ्याशी अजून बोललेले नाहीत. एका घरात, ताई, एका टेबलाशी. मीठ माझ्यासमोर असतं, आणि ते माझ्या बायकोला म्हणतात, सूनबाई, त्याला म्हणावं मीठ सरकव. ती म्हणते, अहो, बाबा म्हणतायत मीठ सरकवा. मी म्हणतो, सांग त्यांना, सरकवलं. हातभर अंतर! ती बिचारी एकदा इतकी वैतागली, की मीठ घेऊन शेजाऱ्यांकडेच जाऊन बसली. बरं, वाटेवरच राग असता तर मी समजलो असतो. पण वाट आवडायला लागली की त्यांना! तारेच्या जागी लाकडाचं फाटक केलं, रंधा मारून, बिजागऱ्यांना तेल घालतात, सकाळी न्याहारी अर्धी टाकून तिथे जाऊन बसतात, आज मंडळी कुठवर आली असतील म्हणून. मला वीट आलाय तुम्हा लोकांचा आणि त्यांना लळा लागलाय. अबोला मात्र जिथल्या तिथे. मला त्याने काही फरक पडतो असं नाही. मी आपलं सांगतोय.

कसली गोष्ट? — कालव्यात पडलेल्या मुलाची? अहो, तो मीच! सांगतात अजून? सगळ्यांना सांगतात? मला वाटलं होतं ती बंद झाली असेल — थांबा, गाडी जरा कडेला घेतो, मागे ट्रॅक्टर आहे, जाऊ दे त्याला पुढे. — तो मी. बदकामागे धावत गेलो आणि धपकन आत. बाबांनी बुटांसकट उडी टाकली. मी असा घाबरलो होतो, की त्यांनी धरलं तर त्यांच्याच हाताला चावलो, कचकन, रक्त निघालं, तरी सोडलं नाही त्यांनी, तसंच ओढत काठावर आणलं. पुढे कुठलंही लग्न असो, वाढदिवस असो, पाहुणे जमले की बाही वर करणार आणि व्रण दाखवणार, हे बघा, आमच्या चिरंजीवांचे दात! मला इतकी लाज वाटायची, मी उठून बाहेर जायचो. दाखवला तुम्हाला? मनगटाच्या वर, अर्ध्या चंद्रासारखा — दाखवला ना! मग म्हणाले असतील, कार्टा चावला, पण मी हात सोडला नाही. ठरलेलं वाक्य आहे ते, तिथे थांबतात आणि सगळ्यांकडे एकदा बघतात. म्हणाले ना?

नाही?

मग काय म्हणाले?

परत सांगा. — चावला, म्हणून हात सुटला. आणि पोरगा वाहून गेला. असं म्हणाले? सगळ्यांसमोर? आणि तुम्ही लोकांनी काय केलंत — नको, सांगू नका, दिसतंय मला. डोळे पुसलेत. त्या उशीवाल्या बाईंनी गळ्यात हात टाकला असेल, चॉकलेटं दोन जास्त मिळाली असतील, पोर गेलेला बाप म्हणून. शी. शी शी शी! मेलेल्या पोराच्या नावावर चॉकलेटं खातोय, आणि पोर पुलावरून बघतंय. — नाही हो, कसला विसरभोळेपणा! कुठली गाय कधी व्यायली ते तोंडपाठ आहे त्यांना. विसरले नाहीत ते. जे म्हणायचंय तेच म्हणाले. — पण सुटला नव्हता हात, ताई. त्यांनी सोडलाच नव्हता. माझं मनगट काळंनिळं झालं होतं त्यांच्या पकडीने, आई किती दिवस शेकत होती. सुटला असता तर मी इथे असतो का? बघा की माझ्याकडे, मी आहे ना इथे?

उतरा तुम्ही. — वळण लांब आहे, माहीत आहे मला, पण मी गाडी मागे फिरवतोय. बाबांकडे. — ते काय बोलतील मला काय ठाऊक, बोलतील की नाही तेही ठाऊक नाही. आज सूनबाई मधे नाही, म्हणजे माझ्या तोंडावरच बोलावं लागेल. बाही वर करा म्हणतो, आणि आता मला सांगा, कुठवर वाहून गेलो मी. — बॅगा? येतील संध्याकाळपर्यंत. नाही आल्या तर त्या बाईंना म्हणावं, आज हाताची उशी करा. — बरोबर? तुम्ही? नको, नको. तुम्ही लोक समोर असलात की ते गोड होतात. उतरा, सांभाळून, तो पाय आधी टेकवू नका. आणि दार जोरात ओढा, हळू लावलं तर बसत नाही.